मधल्या रकान्यातलं नाव

"नाव बदलायचंय का?" खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, आणि विचारताना मान काही वर केली नाही, त्यामुळे त्याला आधी वाटलं की त्या शेजारच्या टेबलाशी बोलताहेत. सूर अगदी ‘पिशवी आहे की देऊ?’ असं विचारणाऱ्या दुकानदाराचा होता. त्यानं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तेव्हा बाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं आणि पाठ झालेलं सगळं एका दमात सांगून टाकलं: नागरिकत्वाच्या अर्जाबरोबरच सांगितलं तर याच फीमध्ये नाव बदलून मिळतं, पुढे कधी मनात आलं तर कोर्ट, वकील, वर्तमानपत्रात जाहिरात, नसता व्याप, बरेच जण आत्ताच उरकून घेतात. ‘उरकून घेतात’ म्हटल्यावर तो जरा सावरला. उरकून घ्यायच्या गोष्टी त्याला समजत. "कुठलं ठेवायचं?" त्यानं विचारलं. "तुम्हाला आवडेल ते. शिवी नको, आकडा नको. बाकी सरकारचं काही म्हणणं नाही." "विचार करून कळवतो," तो म्हणाला, मुलगी पाहून उठताना मुलाकडची मंडळी म्हणतात त्याच सुरात. "पुढच्या मुलाखतीला सांगा," बाई म्हणाल्या, आणि कागद फायलीत सरकवता सरकवता त्यांनी सहज विचारलं, "आत्ता आहे ते बरोबर आहे ना? पहिलं, मधलं, शेवटचं?" त्यानं सवयीनं मान हलवली. बाहेर फुटपाथवर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण सरकारी कचेरीत, नागरिक होण्याच्या ऐन तोंडावर, धडधडीत खोटं बोलून आलो आहोत.

कारण त्या तीन नावांतलं एकही आपल्या जागेवर नव्हतं. शाळेच्या हजेरीपटात आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, असा क्रम असे. वह्यांच्या कव्हरवर, प्रगतिपुस्तकावर, पुढे पदवीच्या भेंडोळ्यावर तोच. हाताला वळणच ते पडलेलं. मग तिशीत, इकडे यायचा पहिला अर्ज भरताना, समोर तीन रकाने आले: पहिलं नाव, मधलं नाव, शेवटचं नाव. तो पदवीधर होता, तोही प्रथम श्रेणीतला. पहिलं नाव म्हणजे जे आपण पहिलं लिहितो ते, यात शंका घेण्यासारखं काय आहे, असं मानून त्यानं पहिल्या रकान्यात आडनाव, मधल्यात स्वतःचं नाव आणि शेवटच्यात वडिलांचं नाव घातलं. सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता. अडाण्यानं कुणाला तरी विचारलं असतं. त्या कागदावरून पुढे दुसरा कागद झाला, दुसऱ्यावरून तिसरा, आणि चुकीवर चूक चढत तिची चांगली राहती इमारत झाली. बँकेचं खातं त्याच इमारतीत, घरभाड्याचा करार तिथंच, मुलगीही तिथंच जन्मली. या देशात कामाच्या ठिकाणी शेवटच्या नावानं हाक मारायची रीत होती. परिणामी गेली वीसेक वर्षं सबंध शहर त्याला त्याच्या वडिलांच्या नावानं ओळखत होतं, आडनावाला लोक त्याचं खासगी नाव समजत, आणि त्याचं स्वतःचं नाव मधल्या रकान्यात, दोन धट्ट्याकट्ट्या माणसांच्या मध्ये बसलेल्या पोरासारखं, अंग चोरून बसलेलं होतं.

लॅबमध्ये पोचला तेव्हा सकाळचा पहिला मेणाचा वास सुटलेला होता. तो कवळ्या करायचा. शहरातले दंतवैद्य तोंडांचे ठसे पाठवत, त्यावरून इथं प्लास्टरचे जबडे ओतले जात, आणि त्या जबड्यांवर गुलाबी मेणाच्या हिरड्या रचून तो त्यांत एकेक दात बसवत असे. फळीवर ओळीनं जबडे मांडलेले, कुणाच्याही चेहऱ्याशिवाय, प्रत्येकावर नुसता क्रमांक. त्याच्या हाताला यश होतं. नवखे कारागीर दात सैनिकांसारखे एका रांगेत उभे करतात, आणि मग सत्तरीतला माणूस हसला की जाहिरातीतल्यासारखा दिसतो. तो मात्र एखादा सुळा किंचित वळवी, खालचा एखादा दात शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलल्यासारखा करी, मग जबडा उघडझाप करून बघायच्या पितळी सांगाड्यात ते सगळं चावून बघी आणि समाधानानं मान डोलवी. खोटं खरं वाटायचं असेल तर त्यात एक साधीशी चूक लागते, हे त्याचं धंद्यातलं मत होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या कागदपत्रांना कधी लावून पाहिलं नव्हतं.

कोट चढवताना आज त्याचं लक्ष खिशावर गेलं. खिशावर निळ्या दोऱ्यानं वडिलांचं नाव भरलेलं होतं. पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी हा कोट हातात ठेवला, तेव्हा क्षणभर त्याला वाटलं होतं, अण्णा इथं आधी येऊन गेले की काय. आणि मग पाठीमागून पॉलिशवाला ओरडला होता, त्याच नावानं, एकेरीत, "ए, जरा तो साचा ढकल इकडे!" तो दचकून दाराकडे वळला होता. अण्णांना एकेरीत कुणी साचा मागितलेला नव्हता. अण्णांना मुळात नावानं कुणी काहीच मागितलेलं नव्हतं. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते; दुकानदारांचे तराजू, काटे, मापं तपासत. दुकानदार त्यांना साहेब म्हणत, शेजारपाजारचे अण्णा म्हणत, आजी बाळा म्हणायची आणि आई काहीच म्हणायची नाही. आईच्या बोलण्यात ते ‘हे’ असत, नाहीतर ‘घरात’ असत, ‘घरात विचारायला हवं’ यातले घरात. एकदा तो सहा-सात वर्षांचा असताना दवाखान्यात खिडकीवरच्या कारकुनानं आईला विचारलं, यजमानांचं नाव काय. आईनं त्याला खांद्याला धरून पुढे केलं आणि म्हणाली, "सांग रे." त्यानं टाचा उंचावून, दगडी कठड्यावर हनुवटी टेकवून ते नाव सांगितलं. पहिल्यांदाच. तोंडात काहीतरी मोठं, थंड, वरच्या फळीवरून न विचारता काढलेलं आल्यासारखं वाटलं होतं. संध्याकाळी अण्णा घरी आले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडला, त्यांना कळलं असेल म्हणून. तेच नाव इथं दिवसभर लॅबमधून उडत असे. पॉलिशच्या चाकाच्या घरघरीवरून, प्लास्टरच्या धुळीतून, जेवणाच्या सुट्टीत, संडासाच्या बंद दारावर थाप मारून. पहिल्या वर्षी त्याला दरवेळी अपराधी वाटायचं. दुसऱ्या वर्षी गंमत वाटू लागली. आणि मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला ते ऐकायला आवडतं. अण्णांच्या पाठीवर आयुष्यात कुणी थाप मारली नाही, ती त्यांच्या वतीनं आपण खातो आहोत, आणि ती काही वाईट लागत नाही.

"काय रे, गेला होतास ना कचेरीत?" पॉलिशवाल्यानं विचारलं. हा सहा फुटी गृहस्थ आणि त्याच्या हातात कायम कुणाची तरी नाजूक खालची कवळी. "दिलं का नागरिकत्व?" "अजून नाही. नाव बदलायचंय का म्हणाल्या." "मग बदल की! फुकट आहे?" "त्याच फीमध्ये." "मग बदलच. मी असतो तर बदललं असतं. माझं नाव माझ्या मामाचं आहे, आणि मामा तुरुंगात होता." मालकीणबाई ऑर्डरींच्या पाकिटांवरून नजर न उचलता म्हणाल्या, "बदलायचं तर बदल, पण कोटावरचं मी पुन्हा भरून देणार नाही. अजून दोन कोट नवे पडलेत." सगळे हसले. तोही हसला. पण मेण तापवताना बर्नरच्या निळ्या ज्योतीकडे बघत त्याच्या मनात वेगळंच सुरू झालं होतं. यांना आपलं मधलं नाव ठाऊक आहे का? वीस वर्षांत एकानंही विचारलेलं नाही. विचारतील कशाला? मधल्या रकान्यात लोक मावशीचं नाव लिहितात, नाहीतर नुसतं एक अक्षर.

संध्याकाळी त्यानं घरी ही हकीकत सांगितली तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "मलाही विचारलं होतं," ती म्हणाली. ती चार वर्षांपूर्वीच नागरिक झाली होती. तो आपला आज करू उद्या करू करत मागं राहिलेला. "तुला विचारलं होतं? मग?" "मग काय, नाही म्हटलं." "एकदम?" "मागे रांग केवढी होती." त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचं नाव लग्नात बदललं होतं. एका दुपारीत, आत्याबाईंच्या सल्ल्यानं, पानं वाढायच्या आधी. तिला कुणी मुलाखतीची तारीख दिलेली नव्हती. "माहेरचं परत घ्यावंसं नाही वाटलं?" तिनं उशीचा एक अभ्रा झटकला. "ती पोरगी वेगळी होती हो. वेण्या घालणारी. तिला या वयात बोलावून आणायचं आणि काय, विम्याचे हप्ते भरायला लावायचं? राहू दे तिला तिथं." मग ओठ मुडपून म्हणाली, "शिवाय मला कंटाळा येत नाही माझ्या नावाचा. सासऱ्यांचं नाव लावून हिंडते. कागदोपत्री बघितलं तर मी तुमच्या आईंची सवत आहे." हा तिचा जुना विनोद होता आणि दरवेळी नवा होता. पहिल्या वर्षी बँकेत ‘श्रीमती’ लावून अण्णांच्या नावाचा पुकारा झाला, तेव्हा ती खुर्चीतून उठलीच नव्हती. घरी येऊन म्हणाली, मला वाटलं मामंजींना बोलावताहेत, त्यांच्यासमोर मी कशी पुढे जाऊ.

"पण मला एक सांग," तो म्हणाला, "तू मला नावानं हाक मारून बघ ना एकदा." "आता?" "आता." "काहीतरीच." "बघ तरी." तिनं टॉवेल खाली ठेवला, घसा साफ केला, आणि त्याच्याकडे न बघता कपाटाच्या दाराकडे बघून ते नाव उच्चारलं. दोघंही ऐकत उभी राहिली. पार्सल घेऊन आलेल्या माणसानं खात्री करून घ्यावी तसं ते वाजलं. "नाही हो," ती म्हणाली, "असं वाटलं, आता कुणीतरी दुसरंच येईल आतून." आणि तिला हसू फुटलं, इतकं की ती पलंगावर बसली, घड्या मोडल्या, आणि तोही शेजारी बसून डोळे पुसेपर्यंत हसला. बरं चाललं होतं त्याचं. ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे, कारण परदेशात गेलेल्या माणसानं बरं चाललंय म्हटलं की ऐकणाऱ्याचा विरस होतो.

मुलीला त्यांचं हसणं आतल्या खोलीत ऐकू गेलं. ती सोळा वर्षांची होती, शाळेच्या फुटबॉल संघात गोलरक्षक, आणि घरात मराठी बोलताना ती थोडी आजीसारखी बोलत असे, कारण भाषा तिनं फोनवरून उचलली होती. "काय चाललंय म्हणते मी?" तिनं दारातून विचारलं. त्यानं सांगितलं: सगळं सुरुवातीपासून चुकलंय, आता सरकार सरळ करून देतंय, आजोबांचं नाव मधे जाईल, आडनाव आडनावाच्या जागी, माझं माझ्या. "आणि माझं?" "तुझंही करून घेऊ. मग तुझं खरं आडनाव लागेल." "बाबा," ती म्हणाली, अगदी शांतपणे, गोलासमोर उभं राहून बोलावं तशी, "माझ्या जर्सीवर आहे ना, ते माझं खरं आडनाव आहे." "अगं, ते आजोबांचं नाव आहे." "असेल. त्यांचंही असेल." आणि ती आत निघून गेली. सामन्याच्या दिवशी पंधरा-वीस पोरी मैदानाच्या कडेला उभ्या राहून ते नाव टाळ्यांच्या ठेक्यात ओरडत, त्याला आठवलं. वजनमाप खात्याच्या निरीक्षकाचं नाव. पाच टाळ्या आणि नाव, पाच टाळ्या आणि नाव.

त्या आठवड्यात कामात त्याचा हात चालत होता, पण मन दुसरीकडे फिरून येत होतं. आपलं नाव कुणी कुणी घेतलं, याचा त्यानं मनाशी शोध घेतला. आई त्याला राजा म्हणायची. शाळेत आडनाव. कॉलेजात चष्म्या. बहीण दादा म्हणे, बायको अहो, मुलगी बाबा, आणि हे शहर अण्णांच्या नावानं. पत्रिकेवर होतं, पासपोर्टवर होतं, लग्नाच्या कार्डावर सोनेरी अक्षरात होतं. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातल्या कपबश्यांसारखं, पाहुण्यांना दिसतं पण त्यातून चहा कुणी पीत नाही. चहा पिणारा एकच माणूस होता. अण्णा. अण्णांनीच ते नाव ठेवलं होतं, चांगलं चार अक्षरी, आणि त्याचं लाडकं रूप करायला घरात बंदी होती. ते पूर्ण चार अक्षरं उच्चारत, शेवटचं अक्षर अर्धवट न सोडता, जिन्याच्या तळाशी उभे राहून, एकदाच. दुसऱ्यांदा हाक मारायची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नाही. गच्चीवर पतंगात, नाहीतर नुसत्या उन्हात पडलेला असताना ती हाक वर येई आणि त्याच्या मानेच्या मागे, केस संपतात तिथं, काहीतरी ताठ होई. हाक म्हणजे बोलावणं आणि बोलावणं म्हणजे जाब. गणिताचे गुण, दाराची कडी, पाण्याचा नळ. जिन्याच्या पायऱ्या उतरताना तो दर पायरीला थोडा थोडा त्या नावाचा होत जाई, आणि खाली पोचेपर्यंत पूर्ण झालेला असे. इतका आपण पुन्हा कधी आपल्या नावाचा झालोच नाही, त्याला वाटलं, आणि हातातला सुळा मेणात नीट बसवायचा राहून तो तसाच बोटांत धरून बसला. "झोपलास का रे?" पॉलिशवाला ओरडला, अण्णांच्या नावानं. "नाही, नाही," तो म्हणाला.

आणि अण्णा आता शहाऐंशीचे होते. मागे एकदा सुट्टीवर गेला असताना त्यानं त्यांची कवळी केली होती. ठसा घेताना त्यानं त्यांच्या तोंडात दोन बोटं घातली. ज्या तोंडासमोर तो लहानपणी नजर खाली घालून उभा राही त्याच तोंडात, ओल्या, उबदार, दात गेलेल्या हिरड्यांवर. अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसले होते, मांडीवर हात, न्हाव्यासमोर बसलेल्या शहाण्या मुलासारखे. ठशाचा मसाला घट्ट होईपर्यंत दोघांना तसंच थांबायचं होतं. तो थांबला. बोटांना त्यांचा श्वास लागत होता. एवढा वेळ, एवढे जवळ, ते दोघं कधी नव्हते. ठसा निघाल्यावर अण्णांनी चूळ भरली, तोंड पुसलं, आणि विचारलं, "चावलो नाही ना?" "नाही." "मग ठीक." तेवढ्यावर विषय संपला. पण कवळी ते घालत होते, आणि फोनवरचं त्यांचं बोलणं त्याला आपल्या हातचं वाटे.

रविवारी दुपारी त्यानं फोन लावला. पलीकडून, नेहमीप्रमाणे, हॅलोऐवजी त्याचं नाव आलं. पूर्ण. त्याची मान थोडी ताठ झाली. "अण्णा, एक विचारायचं होतं." "विचार." त्यानं सगळं सांगितलं: रकाने, क्रम, कोट, बँक, जर्सी. कागदावर काय चुकलं ते अण्णांना एका वाक्यात कळलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची मापं तपासली होती. मग म्हणाले, "म्हणजे तुला तिथं माझ्या नावानं हाक मारतात." "हो." "आणि तू ओ देतोस." "देतो." "एकेरीत?" "इथं सगळं एकेरीतच असतं अण्णा." "कधीपासून?" "आलो तेव्हापासून." "वापरायच्या आधी मला विचारलं होतंस?" "नाही." "हं." फोनमध्ये त्यांच्या खुर्चीची करकर ऐकू आली. "मग कसा आहे?" "कोण?" "तो. माझ्या नावाचा. लोक काय म्हणतात त्याच्याबद्दल?" त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "बरा आहे म्हणतात. कामाला चोख आहे. थोडा संथ आहे." "संथ असू दे. चोख आहे ना?" "हो." "आणि पोरीच्या पाठीवर लिहिलंय म्हणतोस." "जर्सीवर. मैत्रिणी ओरडतात, टाळ्या वाजवून." "जोरात?" "फार जोरात." पलीकडे पुन्हा खुर्ची करकरली. मग अण्णांनी घसा खाकरला. "मग ते काढू नकोस तिचं. मुलांच्या वस्तूंना हात लावू नये."

"पण मग माझं कसं करू?" तो म्हणाला, आणि आपला आवाज जिन्याच्या पहिल्या पायरीवरच्या पोरासारखा आला हे त्याला कळलं. "तुझं काय? तुला तुझ्या नावानं कोण बोलावतं तिथं?" "इथं कुणी नाही." "बायको?" "ती अहो म्हणते." "मग इकडे?" "इकडे तुम्ही." "आणखी?" "आणखी कुणी नाही. तुम्हीच." "एकटाच मी?" "एकटेच." अण्णांनी तोंडानं एक आवाज केला, दुकानात पारड्याखाली लबाडीनं चिकटवलेलं चिंचेचं बुटुक सापडलं की करायचे तसा. "हे काही बरोबर नाही. शहाऐंशीच्या माणसाच्या भरवशावर एवढं चार अक्षरी नाव ठेवून दिलंस? उद्या मी नसलो म्हणजे? घेणारंच कुणी नाही." "तसं कशाला म्हणता..." "तसंच म्हणतो. जोडीला दुसरं कुणीतरी बघून ठेव. सरकार घेतंय का? मग सरकारला लाव कामाला. पुढे घाल तुझं नाव, पहिल्या रकान्यात." "आणि तुमचं?" "माझं आहे तिथं राहू दे. शेवटीच बरं. रुळलंय तिथं, बसलंय." "मग आडनाव जाईल अण्णा." "जाऊ दे. आडनावाला काय धाड भरलीय? ते लावणारी इकडे पैशाला पासरी पडलीत. चुलत्याला सांगू नकोस एवढंच. त्यानं कुळाचा इतिहास काढायला घेतलाय, तुझ्या नावापुढे काहीतरी खूण करून ठेवील." "म्हणजे मग नुसतं माझं आणि तुमचं." "दोघंच," अण्णा म्हणाले. "बरं आहे. सामान कमी." मग जेवलास का, हवा कशी आहे, गुडघा काय म्हणतो, असं नेहमीचं झालं. ठेवताना त्यांनी परत एकदा त्याचं नाव घेतलं. कामाशिवाय, नुसतंच. वजन बघायला एखादी वस्तू हातात घेऊन ठेवावी तसं. हे त्यांनी कधी केलेलं नव्हतं. तो फोन हातात धरून खिडकीशी उभा राहिला. समोरच्या गॅलरीत एक बाई गालिचा झटकत होती, आणि तिच्या प्रत्येक झटक्याबरोबर उन्हात धूळ सोन्यासारखी उडत होती, आणि त्याला कुठंही जायचं नव्हतं.

मुलाखतीला त्याच बाई होत्या. त्यांनी देशाच्या इतिहासातले काही प्रश्न विचारले, ते त्याला आले. मुलीनं पाठ करून घेतले होते. "नावाचं ठरलं?" "ठरलं," तो म्हणाला, आणि त्यानं सांगितलं. बाईंनी टंकता टंकता वर पाहिलं. "मधलं पुढे घ्यायचं, शेवटचं तसंच, आणि पहिलं काढून टाकायचं?" "हो." "बरेच जण इथलं काहीतरी सोपं घेतात." "हे मला सोपं आहे." "मधल्या रकान्यात काही?" "काही नाही." "रिकामा ठेवायचा?" त्याला एक क्षण त्या रकान्याची दया आली. "हो, रिकामा," तो म्हणाला. "इतकी वर्षं भाडेकरू होता. जरा हवा खेळू दे." बाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांचा वरचा दुसरा दात किंचित पुढे होता, आणि कुठल्याही कारागिराला तो असा बसवता आला नसता.

शपथविधीचं सभागृह म्हणजे खुर्च्या मांडलेली एक लांबट खोली होती, एका बाजूला झेंडा, एका बाजूला पाण्याचं यंत्र, आणि मधे चांगल्या कपड्यांत अवघडून बसलेली नाना देशांची माणसं. शपथ सगळ्यांनी मिळून घेतली. मग एकेकाला नावानं बोलावून प्रमाणपत्र द्यायचं होतं. बायको त्याच्या उजवीकडे बसली होती, मुलगी पलीकडे, शाळेतून थेट आलेली, पायांत मैदानाची माती. पॉलिशवालाही मागं कुठंतरी होता. सुट्टी काढून आला होता आणि येताना मालकीणबाईंचा निरोप घेऊन आला होता, की कोटावरचं नाव तेच राहिलं हे ऐकून त्यांना आनंद झाला. पुकारणारा एक तरुण अधिकारी होता, घामेजलेला, नावागणिक थबकणारा. माणसं उठत, कोट सावरत, पुढे जात. एक आजीबाई परत येताना कागदाचं चुंबन घेत होत्या. आणि मग अधिकाऱ्यानं समोरचं कार्ड उचललं, त्याच्याकडे बघितलं, ओठ जुळवून पाहिले आणि ते नाव उच्चारलं. पहिलं. चार अक्षरं, उच्चार वाकडेतिकडे, पण चारही. अख्ख्या खोलीसमोर, एका परक्या माणसानं, कसलाही जाब न विचारता. कुणी उठलं नाही. अधिकाऱ्यानं मान वर केली. खुर्च्यांतून थोडी चुळबुळ झाली, लोक आपापल्या शेजाऱ्याकडे पाहू लागले. बायकोनं कोपरानं ढोसलं. "अहो," ती कुजबुजली, "तुम्हाला बोलावताहेत."

"ऐकलं मी," तो म्हणाला, आणि मांडीवर हात ठेवून तसाच बसून राहिला, अधिकारी पुन्हा हाक मारीपर्यंत.